चुकीच्या दारावरचा पहारा

६ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे सोलापूरला. रिक्षातून उतरताच इंदूने विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला आहे. मी म्हटलं, बाई गं, समुद्र विसर आता. अमृतने तिला कडेवर घेतलं आणि समजूत घातली, किल्ल्यापाशी तलाव आहे, रविवारी दाखवतो. तलावावर ती राजी झाली. पाच वर्षांच्या माणसाचं बरं असतं, समुद्राच्या बदल्यात तलाव चालतो.

दुसरं लग्न, पदरात मुलगी, आणि देवगडसारख्या ठिकाणाहून थेट शुक्रवार पेठेत. पण सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊनच उभ्या होत्या. आधी इंदूवरून ओवाळला, मग माझ्यावरून. इथे सासूला आत्या म्हणतात, हे अमृतने वाटेत पढवून ठेवलं होतं. मी वाकून म्हटलं, आत्या, येते आत. तर म्हणाल्या, "ये की. घर काय माजं एकटीचं हाय व्हय?" आणि इंदूच्या गालाची त्यांनी अशी पापी घेतली की तिने गाल पुसला. तेही त्यांना आवडलं.

घराच्या खालच्या खोलीत शेंगाचटणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन उखळं, भाजायची मोठी कढई, आणि अंबुबाई नावाच्या दंडाने भक्कम बाई. चटणी कुटायची इथे आणि विकायची नव्या पेठेतल्या अमृतच्या दुकानात. भाजलेल्या दाण्यांचा आणि लसणाचा वास जिन्यातून थेट आमच्या खोलीपर्यंत येतो. मला फार आवडला. आज मी सुखी आहे, हे लिहून ठेवते. लिहिलेलं बरं.

९ ऑक्टोबर

या गावात दाण्याशिवाय पान हलत नाही. वांग्यात कूट, पालेभाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि वर चटणी आहेच, कडक भाकरीवर दह्यात कालवून. आमच्याकडे जिथे नारळ, तिथे यांच्याकडे दाणा. मी अमृतला म्हटलं, तुमच्याकडे चहात घालत नाहीत एवढंच नशीब. तो म्हणाला, आईला सुचवू नको.

इंदू मात्र दही, भाकरी आणि गुळावरच आहे. नवं काही खायचं नाही हा तिचा जुना बाणा. देवगडला कुणीतरी चिक्की दिली होती, ती ओठ चुरचुरतात म्हणून तिने थुंकून टाकली होती. आत्या दिवसभर तिला मागे-पुढे घेऊन असतात. अमृतला भाऊबहीण नाही, त्याच्यानंतर घरात लेकरू कधी रांगलंच नाही. काल म्हणाल्या, "तुजी पोरगी न्हाय ही, माजी नात हाय." मी मान खाली घालून भांडी लावत राहिले, कारण डोळे भरले होते आणि पहिल्याच आठवड्यात रडणं बरं दिसलं नसतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

इंदू झोपली आहे. श्वास नीट चालला आहे, मी मघापासून तेच बघते आहे.

सोनं वाटून झालं आणि आत्यांनी तिला दाण्याचा लाडू भरवला. सण म्हणून तिने खाल्लाही, अर्धा. थोड्या वेळात घसा खाकरायला लागली. मग ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या, एकीत एक मिसळत गेल्या. भडाभडा ओकली, आणि डोळे अर्धे मिटून म्हणाली, आई, मला खाली पडल्यासारखं वाटतंय. ती माझ्या मांडीवर होती. अमृतने गाडी कशी चालवली त्यालाच ठाऊक. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं आणि बघता बघता रंग परत आला.

आत्या बाकड्यावर बसून लाडू भरवलेला आपला हात एकसारखा पदराला पुसत होत्या.

१५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज नीट समजावून सांगितलं. दाण्यात विष नसतं. त्यातलं प्रथिन बापडं साधं, निरुपद्रवी. पण इंदूच्या शरीराने पहिल्याच ओळखीत त्याला चोर ठरवलं आणि त्याचा चेहरा पाठ करून ठेवला. तेव्हापासून कातडीखाली, घशात, पोटात, श्वासाच्या नळ्यांत पहारेकरी सज्ज होऊन बसले आहेत. दाणा दिसला की सगळे एकदम तुटून पडतात. चोर नसतोच. मोडतं ते घर.

म्हणजे मारणारं जे काही आहे ते दाण्यात नाही, माझ्या पोरीत आहे. तिचं रक्षण करायलाच बसलं आहे ते.

नुसत्या वासाने जीव जात नाही, पोटात जाता कामा नये, असं त्यांनी दोनदा सांगितलं. इंजेक्शनचं सामान एका डबीत घालून दिलं आणि मांडीत कसं टोचायचं ते मोसंब्यावर शिकवलं. इंदू काय खाते, अंगावर काय उठतं, ते लिहून ठेवायला सांगितलं. वही तशीही माझ्या पर्समध्ये असतेच.

आत्यांनी विचारलं, हे जन्माचंच का. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना राहतं. मोठ्या शहरांत काही ठिकाणी कणाकणाने दाणा देऊन शरीराला सवय लावतात, पण ते डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं चालतं. घरी चुकूनही करायचं नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. आत्या मान हलवत ऐकत होत्या. घरी येऊन मी चहा ठेवला तर म्हणाल्या, तू बस, मी करते. आणि आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

२० ऑक्टोबर

आत्यांनी उखळं कुंभारीला हलवली. तिथे त्यांचं थोडं रान आहे, शेजारी पत्र्याची शेड आहे. अंबुबाईने मुकाट्याने सामान टेम्पोत चढवलं. ती आता तिकडेच जाते, संध्याकाळी चटणीचे डबे थेट दुकानात पोचवते आणि घरचं धुणं करायला तेवढी इथे येते. इतक्या वर्षांचा धंदा एका पोरीसाठी घराबाहेर काढला या बाईने. मी पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "नाटकं करू नगंस." अशी सासू नशिबाने मिळते.

खालची खोली मी सोड्याच्या पाण्याने घासली. वास मात्र जात नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळी छान झाली. सगळा फराळ बिनदाण्याचा, चिवड्यात डाळं आणि खोबरं. अमृतने पहिल्यांदा खाल्ला आणि तोंड वाकडं करून दुसऱ्यांदा मागितला. इंदू आता आजीच्याच कुशीत झोपते. सकाळी दोघी गच्चीवर तुळशीला पाणी घालायला जातात आणि कुजबुजत खाली येतात. मी विचारलं की इंदू तोंडावर बोट ठेवते. मला बाजूला टाकल्यासारखं थोडं वाटतं, पण त्यातही सुख आहे.

११ नोव्हेंबर

आज इंदूच्या हनुवटीखाली चार गांधी. खाजवत होती. नाश्त्याला उपमा, मीच केलेला. दुसरं काही नाही. औषध दिलं, उतरल्या.

कुठून आलं?

१४ नोव्हेंबर

परत. या वेळी ओठाच्या कडेला. तेल नवं, मसाला नवा, डबे मी उकळून घेतलेले. वरच्या मजल्यावरच्या रेश्माने काल तिला बिस्कीट दिलं होतं. रेश्मा म्हणते, भाबी, पाकीट वाचून दिलं, कसम से. पाकीट दाखवलं, त्यावर दाणा नव्हता. तरी मी तिला सांगितलं की यापुढे माझ्या मुलीला काही देऊ नकोस. तिचा चेहरा पडला. तिच्या मुलाला काय सांगितलं असेल कोण जाणे, तो आता आमच्या दारावरून पळत जातो.

२१ नोव्हेंबर

अंबुबाईच आहे. दुसरं कोण असणार? दिवसभर कुंभारीला दाणा कुटायचा आणि त्याच हातांनी इंदूचे फ्रॉक पिळायचे. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, पोरीच्या जिवावर उठलीस का. ती म्हणाली, "बाई, मी हितं याच्या आदी आंगूळ करती. केस बी धुती." मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस, धुण्याला नको आणि कुटायलाही नको.

अमृत माझ्याकडे बघत राहिला. आत्या एक पाऊल पुढे आल्या, आणि मग इंदूला घेऊन आत गेल्या. पायरीवरच्या आपल्या चपला अंबुबाईने हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी गेली.

मला वाईट वाटलं नाही. हे लिहिताना वाटतं आहे, पण तेव्हा नाही.

२६ नोव्हेंबर

अंबुबाई नाही, रेश्मा नाही, शाळेत मी पाठवतच नाही. तरी आज मानेवर पुरळ आहे.

मी दारांच्या कड्या पुसते. जिन्याचा कठडा पुसते. नोटा धुतल्या म्हणून अमृत ओरडला. म्हणाला, उत्कर्षा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, पोटात गेल्याशिवाय काही होत नाही. मग पोटात कोण घालतंय, मी विचारलं. तो ओल्या नोटा दोरीवर वाळत घालू लागला. घरात कुणीतरी आहे, रोज येतं, माझ्या मुलीच्या तोंडाला हात लावतं आणि मला दिसत नाही.

१ डिसेंबर

अमृतला मी शर्ट बाहेर काढून आत यायला सांगते. तो काढतो. आज इंदू धावत त्याच्या गळ्यात पडायला गेली आणि मी मध्ये आडवी उभी राहिले. तो हसला, पण मग जेवला नाही.

या घरात मला फक्त आत्यांचा आधार आहे. मी भिंती पुसते तेव्हा त्या इंदूला गच्चीवर घेऊन जातात. म्हणतात, तू घाबरू नगंस पोरी, समदं ठीक हुईल, बगशील तू.

४ डिसेंबर

इंदूला जवळ घेऊन विचारलं, तुला कुणी काही देतं का गं? गुपचूप?

नाही म्हणाली. मग हसली. मग म्हणाली, गंमत आहे, येळवशीला कळेल. येळवस म्हणजे इथला रानातला सण, महिनाअखेरीला येतो. शपथ घातली, ओरडले, हलवलं तिला. ती रडली. आत्यांनी तिला उचलून नेलं आणि मला म्हणाल्या, लेकराचा खेळ असतो, एवढं काय धरून बसायचं. खेळच असेल. मला शंकेशिवाय काही सुचत नाही हल्ली.

१७ डिसेंबर

बरेच दिवस अंगावर काही नाही. एकही गांध नाही. म्हणजे मी बरोबर होते. ज्यांना बाहेर काढलं त्यांच्यातलंच कुणीतरी होतं.

झोप लागली काल मला.

२३ डिसेंबर

येळवस आली. वेळा अमावस्येला यांच्याकडे घरातलं कुणी मागे राहत नाही, सगळे रानात जातात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटीशी खोप, उभी करायची, आत पांडवांची पूजा, मग मिश्र पालेभाजीची भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे. सगळ्यांना बोलावून रानातच पंगत. जो त्या दिवशी रानातला घास खातो तो त्या रानाचा, आत्यांच्या माहेराकडची ही समजूत. त्या म्हणाल्या, पोरीला आण की गं, एवढं एकदा. इंदूचा स्वयंपाक मी वेगळा करीन, माझ्या हाताने, असंही म्हणाल्या. पदर पसरला त्यांनी माझ्यासमोर, सुनेसमोर.

हो म्हटलं. किती दिवस पोरीला कोंडू?

३० डिसेंबर, कुंभारी, सकाळ

इंदूला जरा सर्दी आहे, पण ऐकते कोण. हरभऱ्यातून पळते आहे, पोरांच्या मागे. उन्हात गाल लाल झालेत. डबी पर्समध्ये, पर्स खांद्याला. तिचा डबा मी स्वतः उघडणार आहे. आत्या सकाळपासून हसतायत नुसत्या. नवं लुगडं नेसल्यात.

बोलावतायत. पंगत —

३० डिसेंबर, दवाखाना, दुपार

जिवंत आहे. जिवंत आहे ती.

लिहायला हवं, डॉक्टर विचारतील. काय खाल्लं. किती.

पंगत बसली होती. आत्यांनी मला हाक मारली, "उत्कर्षा, बग की, हिकडं बग." सगळ्यांना गप्प केलं. इंदू त्यांच्या मांडीवर, धापा टाकत, हसत. आत्यांनी पानातली पोळी मोडली. शेंगापोळी, दाण्याच्या सारणाची. आणि —

मी ओरडले. ऐकू गेलं नाही, सगळे हसत होते. इंदूने गिळला घास. माझ्याकडे बघून हात वर केले. जिंकल्यासारखे.

आत्या म्हणाल्या, मी सवय लावली तिला. रोज गच्चीवर. करंगळीला लागेल एवढं, मग नखाएवढं. डॉक्टरच म्हणाले होते की, मोठ्या गावात असंच करत्यात. आधी पुरळ यायचं, आता बगा काय बी येत न्हाय. आता ही हितली झाली.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

मग इंदू खाकरली.

इंजेक्शन मीच दिलं. मोसंबं नव्हतं ते. ओठ निळे. शिवारातून रस्त्यापर्यंत अमृत तिला घेऊन पळाला, मी मागे —

डॉक्टर म्हणाले, सर्दी, उन्हातली धावपळ. अशा वेळी शरीराला नेहमीचंही सोसत नाही. आणि आज नेहमीपेक्षा मोठा घास.

३० डिसेंबर, संध्याकाळ

रंग आला आहे. ऑक्सिजनची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत इथेच राहायचं, काही जणांना काही तासांनी पुन्हा उलटतं. आवाज बसला, घोगरा झाला, तर लगेच बेल दाबायची.

आत्या खाली पायरीवर आहेत. मी त्यांना म्हटलं, माझ्या मुलीला पुन्हा तोंड दाखवू नका. अमृत औषधं आणायला गेला, त्यांच्याजवळून, न थांबता.

दीड महिना मी कड्या पुसल्या. अंबुबाईला अनवाणी घालवली. रेश्माच्या मुलाला घाबरवलं. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यावर तुटून पडले, आणि जिच्या कुशीत पोरीला निजवलं तिच्याकडे एकदाही —

तीही शत्रू नव्हती. हेच सहन होत नाही. तिला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंदू जागी आहे. विचारते, आई, मी ओकले ना, मग तो घास धरतील का? आजी म्हणाली होती, येळवशीचा घास खाल्ला की मी इथली झाले.

धरतील, म्हटलं. धरतील गं राणी. तू इथलीच.

आजी कुठाय विचारते. आजी रडत असेल म्हणते.

किती प्रेमाने विचारते आहे. मला ते जमत नाही, पण ती सांगते आहे तर — जाते. आत्यांना वर आणते. हात धरून आणते. नातीजवळ बसू देत. उरलेलं उद्या बघू, परवा बघू, भांडू, रडू, अंबुबाईकडे जाऊन पाया पडू, सगळं —

इंदू हात ओढते आहे. म्हणते, लवकर ये, आजी येईपर्यंत मी डोळे उघडेच ठेवते.

तिचा आवाज असा का —